मालगुंड आता यादीत आहे

सहलीच्या यादीतून मालगुंड खोडायचं काम कित्येक वर्षं मीच केलं. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई ते नेमानं लिहायच्या आणि मी तितक्याच नेमानं त्यावर रेघ मारायचो. बाई म्हणायच्या, "सर, गणपतीपुळ्याला लागूनच केशवसुतांचं घर आहे. तुम्ही मराठीचे. तुम्हीच नाही म्हटल्यावर आम्ही काय बोलायचं?" मी म्हणायचो, "बाई, पोरं भडगाव तालुक्यातली. गिरणेला आवर्तन सुटलं तर नदीत पाणी बघतात. बाप कापूस विकून सहलीचे पैसे भरतो, तो पोरानं समुद्र बघावा म्हणून. कुणाच्या घराचा उंबरा बघायला नाही."

हे मी मनापासून म्हणत होतो, आणि त्यातलं निम्मं आजही खरं मानतो. खानदेशातल्या पोराला समुद्र दाखवणं ही साधी गोष्ट नाही. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची, शाळेच्या सहलीला अर्ध्या भाड्याची सवलत मिळते तिचे कागद आगारात पोचवायचे, पालकांची हमीपत्रं गोळा करायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स, आवळासुपारी. रात्री निघालं की उजाडता शनिवारवाडा, मग प्रतापगड, महाबळेश्वर, पन्हाळा, अंबाबाई आणि शेवटी आंबा घाट. घाटात निम्मी गाडी खिडकीबाहेर डोकं काढून बसलेली असते. एवढं सोसून गाडी आरे-वारेच्या वळणावर येते, डाव्या हाताला अचानक सगळं निळं होतं आणि पाठीमागून पन्नास पोरांचा एकदम आवाज उठतो. त्या आवाजासाठी मी दरवर्षी सहल काढायचो. एकदा सातवीतला एक जण वाळूत उतरला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून म्हणाला, "सर, इतलं पानी, नि पेवाना कामनं नही!" समुद्रावर इतका नेमका अभिप्राय मी छापलेला वाचलेला नाही.

स्मारकांबद्दल माझं मत मुळातच वाईट होतं. चपला बाहेर काढा, रांगेत चला, हात लावू नका, बोलू नका. संगमरवरावर सोनेरी अक्षरं, तीही मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पोरं वही काढून पाटी उतरवून घेतात, कारण परत गेल्यावर 'मी पाहिलेले स्थळ' असा निबंध येणार हे त्यांना ठाऊक असतं. बाजूला बाग, बागेत बंद पडलेलं कारंजं. याला स्थानिक इतिहास म्हणतात, आणि यासाठी दोन तास समुद्रातून कापायचे? मी रेघ मारायचो.

यादी बदलली ती अमावस्येमुळे.

2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली चौदा मुलं बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि व्हायलाच हवे होते. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला देखणा, पण तळ एकदम उतरतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथं दर हंगामात कुणी ना कुणी जातं. त्या वर्षी आम्ही सकाळी दर्शन उरकून, टेकडीची प्रदक्षिणा घालून दहाच्या सुमारास वाळूत उतरलो, तर जीवरक्षकानं शिटी मारली. अमावस्या होती. अमावस्या-पौर्णिमेला या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या आसपास भरती पुरी होते आणि तीही उधाणाची. तो म्हणाला, "गुरुजी, आता पोरांना पाण्याच्या बाजूला नको. चारनंतर पाणी उतरलेलं असेल तेव्हा आणा, मी उभा राहतो." आमच्याकडे पंचांग अमावस्येला काम काढू नये म्हणून बघतात. समुद्राला ते लागतं हे मी वर्गात शिकवत होतो, सहल आखताना मात्र कधी उघडून पाहिलं नव्हतं.

आता चार वाजेपर्यंत पन्नास पोरांचं करायचं काय? बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चालकाला विचारलं, मालगुंडला गाडी वळवायला जागा आहे का.

मालगुंड म्हणजे नारळी-पोफळीतलं गाव. जांभ्या दगडाचे गडगे, त्यावर शेवाळ. आमची पोरं काळ्या मातीची आणि काळ्या पाषाणाची. एकानं गडग्यावर बोट घासून पाहिलं, रंग लागतो का म्हणून. केशवसुतांचं घर जुन्या कोकणी वळणाचं, भोवती बाग, बागेत त्यांच्या कविता लावलेल्या. कोकण मराठी साहित्य परिषदेनं हे स्मारक उभं केलं, मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. एका दालनात केशवसुतांनंतरच्या कवींची माहिती आहे. मी घड्याळ बघत उभा होतो.

पोरांनी आधी बागेचा ताबा घेतला, मग सावलीत बसली. मला काहीतरी बोलणं भाग होतं. वर्गात मी केशवसुत तीन ओळींत संपवायचो: जन्म 1866, मालगुंड, आधुनिक मराठी कवितेचे जनक, मृत्यू 1905. परीक्षेला एवढं पुरतं. पण घरासमोर बसून तीन ओळी सांगितल्या तर दोन मिनिटं जातात आणि चार वाजायला अजून चार तास होते. म्हणून मधलं सांगायला लागलो. घरची ओढगस्त. कृष्णाजी केशव दामले या माणसाचं शिक्षण अडत अडत झालेलं, वय वाढल्यावर मॅट्रिक. पुढे मुंबईत मिळेल तिथं मास्तरकी, पगार तुटपुंजा. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि माणसं शहर सोडून पळायला लागली. हाही निघाला, आणि आला कुठं? भडगावला.

"आपलं भडगाव?"

आपलं भडगाव. 1898 च्या सुमारास तिथल्या शाळेत शिक्षक. मग 1901 मध्ये फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापक. तिथून 1904 ला धारवाड. आणि 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला गेले असताना त्यांना प्लेगनंच गाठलं, पाठोपाठ पत्नीही गेल्या. ज्या रोगापायी मुंबई सोडली त्यानंच शेवटी नेलं. जिवंतपणी एकही संग्रह नाही. 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक हरि नारायण आपट्यांनी काढलं ते 1917 साली.

मी बोलत होतो आणि पोरं ऐकत होती. वर्गात ऐकतात तशी नव्हे. जिचं आजोळ भडगाव आहे ती मुलगी उठून पुन्हा घरात जाऊन आली. एकानं विचारलं, "सर, त्यास्ले आपली अहिराणी समजे का?" मी म्हटलं, तुम्हाला कोकणातली बोली कालपासून किती समजली? तेवढीच त्यांना तुमची. फैजपूरला गेल्यावर तर लेवा बोली, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. पोरं खूप हसली. समुद्राकाठून आलेला, भित्रा-लाजरा, आणि वर्गातली पोरं 'आठे, तठे' करणारी. त्यांना तो मास्तर दिसला. मलाही तेव्हाच दिसला.

चारला आम्ही परत किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, जीवरक्षक शब्दाप्रमाणे उभा होता, पोरं घोट्याएवढ्या पाण्यात मनसोक्त नाचली. समुद्र काही कमी झाला नाही. त्यामुळे 'समुद्र की स्मारक' हा माझा वर्षानुवर्षांचा वाद मुळात पंचांग न पाहिल्यानं होत होता, असंही म्हणता येईल.

पण माझं मत खरं बदललं ते परत आल्यावर, जळगावला. शिक्षकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला मी गेलो होतो आणि रिक्षावाल्याला नेहमीसारखं म्हणालो, काव्यरत्नावली चौक. भाऊंच्या उद्यानाजवळचा हा चौक. संध्याकाळी तिथं निम्मं जळगाव फिरायला, खायला येतं. चौकात कविता लावलेल्या असतात, त्यांच्याकडे पाठ करून लोक मक्याचं कणीस खातात. मीही खाल्लं आहे. 'काव्यरत्नावली' हे नाव मात्र चौकासाठी कुणी जुळवलेलं नाही. ते नारायण नरसिंह फडणीसांचं मासिक. 1887 पासून 1935 पर्यंत जळगावातून निघालेलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त कविता. मुंबई-पुण्याबाहेर, तापीच्या खोऱ्यात, कापसाच्या बाजारपेठेत. केशवसुतांच्या कविता त्यात छापून यायच्या. म्हणजे मालगुंडचा हा माणूस भडगावला येण्याच्या आधीच टपालानं खानदेशात आलेला होता. 1907 मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं तेही फडणीसांच्या पुढाकारानं, आणि तिथं धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्याला 'बालकवी' म्हटलं गेलं. ही सगळी माहिती मला होती. मराठीत एम. ए. केलंय, असणारच. पण चौक वेगळ्या कप्प्यात होता, मासिक वेगळ्या, केशवसुत परीक्षेच्या कप्प्यात. मालगुंडच्या त्या रिकाम्या दुपारी बोलावं लागलं म्हणून कप्पे एकात एक उघडले.

तेव्हापासून मी सहलीचं गणित उलटं मांडतो. पूर्वी पोरांना आपल्याकडे जे नाही ते दाखवायला न्यायचो. आता लांबच्या गावात आपलं काही निघतंय का ते बघायला नेतो. समुद्र अर्थातच त्यात असतो. महाबळेश्वर मी कापलं. मॅप्रोचं सरबत आणि घोड्यावरचा फोटो यापलीकडे पोरांनी तिथून कधी काही आणलेलं मला आठवत नाही. त्यावरून एका पालकानं मला सभेत सुनावलं, ते मी ऐकून घेतलं.

महाबळेश्वरचा दिवस रत्नागिरीला दिला. रत्नागिरी हे पायी बघायचं गाव आहे, आणि ते मी याआधी नेहमी झोपलेल्या पोरांसह गाडीतून ओलांडलं होतं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर. पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीरांनी 1931 मध्ये बांधलेलं, ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत सगळ्या जातींना जाता येईल असं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. मग थिबा राजाचा वाडा.

थिबावर आमची पोरं अक्षरशः तुटून पडली. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 ला मंडालेहून उचलला आणि दुसऱ्या वर्षी इथं आणून ठेवला, का तर इथून त्याला कुठं पळून जाता येणार नाही. आधी भाड्याच्या बंगल्यांत, मग 1910 मध्ये हा लाल वाडा झाला. सहाच वर्षांत, 1916 ला, तो इथंच वारला. गंमत अशी की तो इथं बसलेला असताना, इथलेच टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी दोन गावांतली माणसं अदलाबदल करून ठेवली होती. बाईंनी हे फळ्याशिवाय, व्हरांड्याच्या पायरीवर बसून सांगितलं, आणि मी गप्प बसून ऐकलं. पुढची गोष्ट राजाच्या थोरल्या मुलीची. वाड्यावरच्या सावंत नावाच्या नोकराशी तिचं जमलं. त्यांची मुलगी तुतू रत्नागिरीतच वाढली, इथंच लग्न करून राहिली, इथल्या बायकांसारखी मराठी बोलायची, कागदाची फुलं करायची, गोवऱ्या थापायची. 2000 साली वारली.

"राजानी नात, नि गोवऱ्या थापे?" आठवीतली एक मुलगी म्हणाली. ती स्वतः सकाळी शाळेत यायच्या आधी थापते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिनं मग वाड्याच्या लाल भिंतीकडे, लाकडी कोरीवकामाकडे, पुन्हा एकदा नीट पाहिलं. नंतर थिबा पॉइंटच्या बागेत सगळी पोरं घसरगुंडीवर गेली तरी ही कठड्याला टेकून खाली भाट्याची खाडी बघत होती. राजा रोज हेच बघत असेल का, असं तिनं मला विचारलं. राजा दुर्बिणीतून समुद्राकडं बघत बसायचा असं म्हणतात, एवढं मी सांगितलं.

स्मारकाशेजारच्या घसरगुंडीला मी पूर्वी नावं ठेवायचो. इतिहास म्हटला की झोपाळे कशाला? आता मला ते पटतं. पोरं घसरगुंडीवर दमतात, सावली शोधत पुन्हा ओसरीवर येतात आणि या दुसऱ्या खेपेलाच काय ते बघतात. पाटी उतरवून घ्यायला मात्र मी आता बंदी घातली आहे. वह्या गाडीत ठेवायच्या. आणि स्मारकांबद्दलचं माझं जुनं मत पुरतं गेलेलं नाही. सोनेरी अक्षरांचा संगमरवर मला आजही सहन होत नाही, आणि ज्या ठिकाणी सांगणारं माणूस नाही तिथं पोरं नेण्यात अर्थ नाही असंच मी म्हणतो. मालगुंडला त्या दिवशी भरती नसती आणि मला बोलावं लागलं नसतं, तर तेही घर आम्ही वीस मिनिटांत उरकलं असतं.

एकदा हा नाद लागला की कोकण आणि खानदेश यांच्यामधली ये-जा दिसायला लागते. साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिकवायला आले आणि पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली. इतिहासाचार्य राजवाडे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे. गावोगावच्या वाड्यांतून जुनी दप्तरं गोळा करत फिरले आणि 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांचा संग्रह सांभाळायला लगेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. बाई मला चिडवतात, की कोकणानं तुम्हाला कवी, गुरुजी आणि इतिहासाचार्य दिले, तुम्ही त्यांना काय दिलंत? मी म्हणतो, केळी.

धुळ्याची एक दिवसाची सहल आम्ही त्यातूनच सुरू केली. पावसाळा संपल्यावर, एका गाडीत. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं हे ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ रेषेत आखली, म्हणून धुळ्यात अजूनही गल्ली नंबरानं पत्ता सांगतात. पोरांना नंबरांच्या गल्ल्या मोजायला आवडतं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण आहे. शेकडो वर्षांपूर्वीचं अक्षर आणि एकही खाडाखोड दिसत नाही, यावर आमच्या पोरांचा विश्वास बसला नाही. एक जण भिंग मागत होता. तो पोरगा वर्गात शुद्धलेखनात सगळ्यात कच्चा आहे.

रत्नागिरीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांशी ओळख झाली. मालगुंडच्या बागेतच, तेही पोरं घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, तुमचा कवी सहा वर्षं आमच्याकडे होता, तुम्ही कधी बघायला आला नाहीत. ते म्हणाले, तुमच्याकडं सहल? लेण्या बघायला अजिंठ्याला येतो की. अजिंठा आमच्या जिल्ह्यात नाही, शेजारी आहे, हे आधी सांगितलं. मग फोनवर बरंच ठरत गेलं. भडगावची शाळा, फैजपूर, जिथं 1936 मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं आणि नंदलाल बोस मंडप सजवायला आले होते. धरणगाव. आसोद्याच्या बहिणाबाईंचं जळगावातलं घर. काव्यरत्नावली चौक, कणसासह. त्यांची शंका एकच होती, उन्हाची. मी म्हटलं, जानेवारीत या, तेव्हा तुमच्या पोरांना स्वेटर लागतील. आणि फैजपूरला मुक्काम करा, पलीकडेच बामणोद आहे, तिथली हिरवी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून भरीत घालतो.

ते म्हणाले, पालकांच्या सभेत केशवसुतांचं नाव नंतर घेतो, आधी भरिताचं सांगतो.